आई-बाबांना इंग्लंडातले डोंगर दाखवायचे आहेत, गाडीशिवाय

मुक्ता_लीड्स (१४ एप्रिल)

नमस्कार मंडळी. आम्ही लीड्सला राहायला येऊन दोन वर्षं झाली. मेअखेरीस आई-बाबा सहा आठवड्यांसाठी येताहेत. लंडन, राजवाडे, संग्रहालयं हे सगळं नवऱ्याने ठरवून टाकलंय, त्याची काळजी नाही. प्रश्न बाबांचा आहे. बाबा एकोणसत्तर वर्षांचे. तरुणपणी दर रविवारी पिशवी पाठीला मारून घाटवाटा तुडवायचे. नाणेघाट किती वेळा झाला याची मोजदाद नाही, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने झालाय. आता उजवा गुडघा कुरकुरतो. चढ जमतो, उतार नको होतो. परवा फोनवर म्हणाले, "मुक्ते, राजवाडे कमी दाखव, तिथली जमीन दाखव."

आमच्याकडे गाडी नाही. दोन सायकली आहेत, आणखी भाड्याने घेता येतील. नवऱ्याचं म्हणणं, इकडे सगळीकडे हिरवी टेकडी, चार मेंढ्या आणि दगडाचा गडगा, एक पाहिली की सगळ्या पाहिल्या. मला हे पटत नाही, पण खोडून काढायला माहितीही नाही. कडे, धबधबे, गुहा, दऱ्या, विचित्र दगड, काहीही चालेल. पायी किंवा सायकलने, आणि आगगाडी-बसने पोहोचता येईल असं. सांगाल का?

शेफील्डकर

मॅलम कोव्ह. आधी ते बघा, बाकी सगळं मग.

सुखदा_जो

मॅलमला +१. आम्ही नेमके पावसात गेलो होतो, तरी तो कडा डोळ्यांसमोरून जात नाही.

कातळवेडी

मुक्ता, तुमच्या नवऱ्याच्या म्हणण्याला उत्तर देते, कारण पहिल्या वर्षी मलाही तसंच वाटायचं. इकडे गवत सगळं झाकून टाकतं. आपल्याकडे सह्याद्रीत कातळ उघडा असतो, काळा कडा समोर उभा राहतो, कुणी दाखवावं लागत नाही. इथे खालचा दगड ओळखावा लागतो. त्याची सोपी खूण म्हणजे तेच गडगे. शेतकऱ्याने गडगा रचला तो जवळच्या दगडाचा. गडगा पांढुरका-राखाडी असेल तर खाली चुनखडी. काळपट-तपकिरी आणि खरखरीत असेल तर ग्रिटस्टोन, म्हणजे जात्यासाठी वापरायचे तो भरड वालुकाश्म. चालता चालता गडग्याचा रंग बदलला की खालची जमीन बदलली, आणि मग झाडं, पाणी, वाट सगळंच बदलतं. बाबांना एवढं एकच सांगा, पुढचं ते स्वतः शोधतील.

आता मॅलम. यॉर्कशर डेल्स या दऱ्या-डोंगरांच्या मुलखातला चुनखडीचा अर्धगोल कडा, साधारण ८० मीटर उंच. हिमयुगाच्या शेवटी वितळलेल्या बर्फाचं पाणी या कड्यावरून कोसळत होतं. आज वरून काहीच पडत नाही, कारण चुनखडी पाणी पिते. डिसेंबर २०१५च्या डेस्मंड वादळात मात्र जमीन इतकी तुडुंब झाली की कड्यावरून पुन्हा धबधबा पडला. तसा तो पडलेला गावातल्या हयात माणसांनी कुणी पाहिला नव्हता.

पायथ्याशी एक ओढा कड्याखालून शांतपणे बाहेर येतो. कड्याच्या वरच्या अंगाला मॅलम टार्न नावाचं तळं आहे. त्यातून निघालेला ओढा थोडं अंतर वाहून जमिनीत गडप होतो. बघणाऱ्याला वाटतं, तेच पाणी खाली निघत असणार. पण पाण्यात रंग वगैरे टाकून चाचण्या केल्या तेव्हा कळलं की तळ्याचं पाणी मुख्यतः गावाच्याही खाली, एअर हेडच्या झऱ्यांतून वर येतं. कड्याखालचा ओढा वेगळ्याच ठिकाणी गडप झालेला. जमिनीखाली दोन प्रवाह एकमेकांना ओलांडून जातात!

आणि हे पाणी पुढे जाऊन होते एअर नदी. तुमच्या लीड्सच्या पुलाखालून वाहते तीच.

मुक्ता_लीड्स

कातळवेडी, अंगावर काटा आला. मी रोज त्या पुलावरून ऑफिसला जाते!

शेफील्डकर

मग असं करा. मॅलमला थेट जाऊ नका. लीड्सहून आगगाडीने गारग्रेव्हला उतरा आणि नदीच्या काठाकाठाने उगमाकडे चालत जा. पेनाइन वे ही लांब पल्ल्याची वाट तिथूनच जाते. एअरटन, हॅनलिथ करत मॅलम, साधारण दहा-अकरा किलोमीटर, बरीचशी सपाट. गुडघ्याला ताप नाही. परतीला मॅलमहून स्किप्टनची बस, आणि स्किप्टनहून लीड्सला पाऊण तासाची गाडी. बसच्या फेऱ्या मोजक्या असतात, म्हणून आधी परतीची वेळ बघा आणि मग निघायची ठरवा. उन्हाळ्यात रविवारी डेल्सबसच्या जादा गाड्याही असतात.

घाटमाथा

सगळं छान आहे, पण नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेल्या माणसाला तुम्ही नदीकाठी फिरायला नेणार? त्यांना यॉर्कशर थ्री पीक्स करू द्या. पेनीगेंट ६९४ मीटर, व्हर्नसाइड ७३६, इंगलबरो ७२३, तिन्ही एकाच दिवसात, बारा तासांच्या आत. साधारण ३८ किमी. मी दोनदा केलंय. त्यात रिबलहेडचा चोवीस कमानींचा रेल्वे पूलही बघून होतो. जन्मभर डोंगर चढलेल्या माणसाला जपून ठेवू नका.

सुनंदा_फिजिओ

घाटमाथा, तुमचा उत्साह कळतो, पण हे मला अजिबात मान्य नाही. धागाकर्तीने स्पष्ट लिहिलंय, उतार त्रास देतो. थ्री पीक्समध्ये दीड हजार मीटरच्या वर चढ आहे आणि तेवढाच उतार. गुडघ्याची परीक्षा शेवटच्या उतरणीत होते, तेव्हा माणूस दमलेला असतो आणि परतायला दुसरी वाट नसते. तिघांपैकी एक डोंगर निवडा, तोही चढ उभा आणि उतार लांबट असेल अशा दिशेने. दोन्ही हातांत काठ्या, आणि उतारावर काठ्यांची लांबी वाढवायची. बाबांचा स्वाभिमान सांभाळायचा असेल तर काठ्या तुम्हीही घ्या, म्हणजे त्या सगळ्यांच्याच होतात.

घाटमाथा

सुनंदाताई, मान्य. माझ्या वडिलांना मी असंच काही करायला लावलं नसतं. शब्द मागे घेतो. इंगलबरोचा माथा सोडून फक्त गेपिंग गिल या खोल विवरापर्यंत जा असं सुचवतो. क्लॅपम गावातून इंगलबरो केव्ह आणि ट्रो गिलच्या घळीतून वाट जाते. ट्रो गिल म्हणजे दोन्हीकडे चुनखडीचे कडे आणि मधून वर चढत जाणारी चिंचोळी घळ. बाबा तिथे शिरले की गप्प होतील बघा. वर गेलं की माळावर फेल बेक नावाचा ओढा वाहत येतो आणि एका भोकात उडी टाकतो. ९८ मीटर खोल, सरळ. १८९५ साली मार्तेल नावाचा फ्रेंच गुहासंशोधक दोराच्या शिडीने पहिल्यांदा तळाशी उतरला. तेच पाणी खाली इंगलबरो केव्हजवळ बाहेर पडतं. दोन्ही गुहा आतून जोडलेल्या आहेत हे पाणबुड्यांनी १९८३ साली प्रत्यक्ष जाऊन दाखवलं.

वर्षातून दोनदा, मेअखेरच्या आणि ऑगस्टच्या बँक हॉलिडेच्या (सार्वजनिक सुट्टीच्या) आसपास, गुहाप्रेमींचे क्लब तिथे यारी बसवतात आणि खुर्चीत बसवून सामान्य माणसाला तळाशी सोडतात. मी गेलोय. खाली उभं राहून वर पाहिलं की पाणी आकाशातून पडतंय असं वाटतं.

बापू_सायकलवाले

सायकलचं कुणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो. लीड्स सोडून जरा दक्षिणेला, पीक डिस्ट्रिक्टमध्ये मॉन्सल ट्रेल. १९६८ साली बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचे रूळ काढून केलेली वाट, साडेआठ मैल. रेल्वेचा मार्ग असल्यामुळे चढ जाणवतच नाही. २०११ साली चार बोगदे सायकलींना खुले झाले. प्रत्येक सुमारे चारशे मीटर लांब. दिवसा आत दिवे असतात आणि भर उन्हाळ्यातही आत शिरलं की थंडगार. एक बोगदा संपतो आणि समोर एकदम वाय नदीची खोल दरी, चुनखडीचे कडे, खाली हिरवं पाणी. पुन्हा बोगदा, पुन्हा दरी. असं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

सायकली वाटेवरच भाड्याने मिळतात, ई-बाइकसुद्धा. माझी बायको पस्तीस वर्षांनी सायकलवर बसली ती इथेच. पहिली दहा मिनिटं माझा श्वास रोखलेला, मग ती पुढे आणि मी मागे.

मॉन्सल हेडच्या पुलावर थांबा. हा पूल बांधला तेव्हा जॉन रस्किन हा इंग्रज लेखक-कलासमीक्षक फार संतापला होता, रेल्वेने दरी नासवली म्हणून. आज त्याच पुलावर उभं राहून माणसं दरी डोळ्यांत भरून घेतात.

मी_नवीनच

मला एक मूलभूत शंका आहे. इथे सगळीकडे खाजगी शेतं दिसतात, फाटकं, गडगे. आम्ही तीन महिन्यांपूर्वी आलो. एकदा वाट शेतातून जाताना दिसली तर आम्ही मागे फिरलो. मालक ओरडला तर?

शेफील्डकर

नवीनभाऊ, बरं झालं विचारलंत. पुढच्या वेळी मागे फिरू नका. त्या वाटेवर चालणं हा तुमचा हक्क आहे. जमीन मालकाची, वाट सगळ्यांची. फाटकावर पिवळा बाण असेल तर पायवाट, फक्त पायी. निळा बाण म्हणजे ब्रिडलवे, तिथे पायी, घोड्यावर आणि १९६८च्या कायद्यापासून सायकलवरूनही जाता येतं. मात्र सायकलवाल्याने पायी चालणाऱ्याला आणि घोड्याला आधी जाऊ द्यायचं. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा-संस्थेचा नारिंगी मुखपृष्ठाचा १:२५,००० नकाशा घ्या. त्यात हिरव्या आखूड रेघा पायवाटेच्या, लांब रेघा ब्रिडलवेच्या. तो नकाशा हाती आला त्या दिवशी हा देश मला उघडला असं मी म्हणतो.

आणि हे हक्क आयते मिळालेले नाहीत. मी राहतो तिथून किंडर स्काउटचं पठार जवळ आहे, ६३६ मीटर. तिथे ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी मोठ्या जमीनदारांनी डोंगर बंद ठेवले होते. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर-शेफील्डकडचे शेकडो तरुण, बरेचसे कामगार, मुद्दाम त्या डोंगरावर चालून गेले. रखवालदारांशी झटापट झाली. बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता, त्याच्यासह पाच जणांना तुरुंगात टाकलं. पुढे १९४९ला राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ला पीक डिस्ट्रिक्ट हे पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं. २०००च्या कायद्याने तर नोंदलेल्या डोंगर-माळावर वाट सोडूनही पायी हिंडायची मुभा दिली. आठवडाभर गिरणीत राबणाऱ्या पोरांना रविवारी मोकळी हवा हवी होती, एवढंच. मुंबईच्या गिरणगावात ज्यांचं घर होतं त्यांना हे वेगळं सांगावं लागणार नाही. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. किंडरवर गेलो की मला त्यांची आठवण येते.

मी_नवीनच

शेफील्डकर, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. शनिवारी त्याच शेतात जातो.

बापू_सायकलवाले

एक पुरवणी. माळावर हिंडायची ती मुभा फक्त पायी आहे, सायकलला नाही. काही जण रिकामी पायवाट बघून सायकल घालतात. पावसाळी हवेत मातीचा चिखल होतो, चाकाची चर पडते आणि मग त्यातून पाणी वाहून वाट मोडते. कृपया करू नका.

शीतल_क

गायींबद्दल कुणीतरी लिहा! शेतात वासरं असतील तर गाय आणि वासरू यांच्या मधून कधीच जायचं नाही, वळसा घालायचा. कुत्रा बरोबर असेल आणि गायी अंगावर आल्या तर साखळी सोडून द्यायची, कुत्रा पळतो आणि तुम्ही वाचता. आम्ही गावाकडचे, गायींना भिणारे नव्हे, पण इथली मोकळ्या रानातली गाय आपल्या गोठ्यातल्या गायीसारखी माणसाळलेली नसते.

नाशिकची_रेवा

शेफील्डकर, किंडरचा विषय निघालाच आहे तर किंडर डाउनफॉलबद्दलही सांगा ना. वारा पश्चिमेचा असला की तो धबधबा वर उडतो म्हणे. आपल्या नाणेघाटासारखा?

शेफील्डकर

अगदी तसाच, रेवा. तीसेक मीटरचा धबधबा, पठाराच्या कडेवरून पश्चिमेकडे तोंड करून पडतो. वारा दरीत कोंडून वर चढतो आणि पाणी उलटं फेकतो. लांबून धूर निघाल्यासारखं दिसतं. नाणेघाटात हे सगळं जुलै-ऑगस्टच्या नैर्ऋत्य वाऱ्यावर. इथे महिना सांगता येत नाही, आदल्या दिवशी पाऊस आणि त्या दिवशी वारा, एवढंच जुळावं लागतं. मुक्ता, बाबांना हे बघायचं असेल तर हेफील्डच्या बाजूने जा, पण तो पूर्ण दिवसाचा डोंगर आहे. सुनंदाताई रागावतील.

सुनंदा_फिजिओ

रागावणार नाही, पण आधी दोन छोट्या चाली होऊ द्यात आणि गुडघा काय म्हणतो ते बघा.

ब्रायटनची_बाई

सगळे उत्तरेचेच! आमच्या दक्षिणेचा पांढरा खडूचा दगडही बघण्यासारखा आहे हो. साउथ डाउन्स वे ही विंचेस्टर ते ईस्टबोर्न शंभर मैलांची वाट पूर्ण सायकलला खुली आहे. सेव्हन सिस्टर्सचे समुद्रकडे लाटांसारखे वर-खाली जातात. बसने ब्रायटनहून थेट पोहोचता. मातीखाली खडू म्हणून डोंगरावर ओढा नावाला नाही, पाणी सगळं आत झिरपतं. वाटेत पांढऱ्यात काळ्या गारगोट्या रुतलेल्या दिसतात, त्याच गारगोट्यांची जुनी चर्चेस बांधलीत. कड्याच्या काठाशी मात्र उभं राहू नका. खडू आतून पोखरलेला असतो, वरून हिरवळ दिसते. दरवर्षी सरासरी फूटभर जमीन समुद्रात जाते, पण ती फूट-फूट जात नाही, एकदम मोठा तुकडा कोसळतो.

घाटमाथा

बाई, धागा यॉर्कशरच्या आई-बाबांचा आहे. :-) पण लंडनचा बेत आहेच, तिथून एक दिवस काढता येईल.

खडकवासला_पोरगा

मी न्यूकासलला शिकतो. बाबांना एक दगड जरूर दाखवा, व्हिन सिल. काळा डोलेराइट. आपला दख्खनचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, तो लाव्हा जमिनीवर पसरून झाला. डोलेराइट त्याचा चुलतभाऊ, तसाच रस पण तो जमिनीच्या थरांमध्ये घुसून तिथेच थिजला. आपला साडेसहा-एक कोटी वर्षांपूर्वीचा, हा सुमारे एकोणतीस कोटी वर्षांपूर्वीचा. भूशास्त्रात जगभर वापरतात तो 'सिल' हा शब्द इथल्याच खाणकामगारांचा. रोमन लोकांनी हेड्रियनची भिंत नेमकी या काळ्या कड्याच्या माथ्यावरून नेली. तिथे गेलो तेव्हा मला एकदम घरी आल्यासारखं झालं, तोच काळा उभा कडा.

सायकमोर गॅप तिथेच. दोन टेकड्यांच्या खिंडीत एकटं उभं असलेलं झाड सप्टेंबर २०२३मध्ये रात्रीतून कापलं. मी त्या आठवड्यात तिथे गेलो होतो. म्हातारी माणसं गडग्याला टेकून रडत होती. पुढच्या उन्हाळ्यात बुंध्याला नवे धुमारे फुटले. उन्हाळ्यात हेक्समहून भिंतीच्या कडेने बस जाते, तिचा क्रमांक एडी१२२, कारण भिंतीचं काम इसवी सन १२२मध्ये सुरू झालं.

कातळवेडी

व्वा पोरा. छान लिहिलंस.

मुक्ता, माझी शेवटची भर. क्लॅपमला जाल तेव्हा परतीला नॉर्बर करा. ऑस्टविकच्या वरच्या माळावर पांढऱ्या चुनखडीच्या छोट्या ओट्यांवर काळे मोठे धोंडे बसलेत. हिमनदीने जवळच्या दरीतून उचलून इथे आणून ठेवले. नंतर हजारो वर्षं पाऊस पडला, आजूबाजूची चुनखडी विरघळली, धोंड्याखालची तेवढी राहिली. धोंड्याने छत्रीचं काम केलं. आणि गंमत म्हणजे वरचा काळा दगड खालच्या पांढऱ्यापेक्षा सुमारे दहा कोटी वर्षांनी म्हातारा आहे.

अनघा_अन्नपूर्णा

डब्याचं कुणी बोललं नाही. डोंगरावर सँडविच गार होऊन घशाखाली उतरत नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या. तिखटमिठाच्या पुऱ्या दोन दिवस टिकतात. थर्मासात चहा. वाऱ्यात बसायचं असेल तर गडग्याच्या आडोशाला, गडगा चढून मात्र जायचं नाही, वरचे दगड सुटतात आणि शेतकऱ्याला ते परत रचावे लागतात.

सुखदा_जो

आणि खिशात शिट्टी. अडचणीत मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा. फोन लागला तर ९९९ला आधी पोलीस मागायचे आणि त्यांना माउंटन रेस्क्यू हवं म्हणून सांगायचं. सगळे स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. आमच्या मुलाचा पाय मुरगळला तेव्हा रात्री साडेनऊला सहा अनोळखी माणसं स्ट्रेचर घेऊन आली होती. त्यांचे चेहरे मी विसरणार नाही.

मुक्ता_लीड्स (२३ जून)

मंडळी, धागा वर काढतेय. तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, काय झालं ते सांगायलाच हवं.

पहिला रविवार गारग्रेव्ह ते मॅलम. आम्ही चौघं, चौघांच्या हातात काठ्या (सुनंदाताई, युक्ती कामी आली). बाबांनी लीड्सच्या स्टेशनवर येताना पुलावर उभं राहून नदी पाहिली होती, तपकिरी, रुंद, शहरी. जसजसे वर गेलो तसतशी ती अरुंद होत गेली. एअरटनच्या पुढे आईने चपला काढून पाय बुडवले. एका शेतात गायी होत्या, वासरांसकट. शीतल, तुमचं वाक्य आठवलं आणि आम्ही कुंपणाच्या कडेने लांब वळसा घेतला. मॅलमच्या खाली एअर हेडला जमिनीतून पाणी वर येतं, अगदी साधं, उसळी नाही, आवाज नाही. बाबा ओणवे झाले, ओंजळ भरली, पाणी कपाळाला लावलं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाले, "ही तुमची लीड्सची नदी, जावईबापू." तो काही बोलला नाही, पण त्यानंतर नकाशा त्याने स्वतःकडे घेतला आणि दिवसभर कुणाला दिला नाही.

त्या दिवशी मॅलमलाच मुक्काम केला, कारण शेवटची बस चुकवायची भीती नको होती. दुसऱ्या दिवशी सकाळी जॅनेट्स फॉसला गेलो. रानात सगळीकडे रानलसूण, पांढरी फुलं ओसरत आलेली, पण वास असा की आई म्हणाली कुणीतरी फोडणी दिलीय. धबधब्यामागच्या गुहेत जॅनेट नावाची पऱ्यांची राणी राहते अशी तिथली कथा. मी आईला सांगितली. आई म्हणाली, "म्हणजे साती आसराच की." आणि हात जोडले. आमच्या आजोळी नदीच्या डोहाशी आसरांची सात शेंदरी दगडं आहेत, आईला लहानपणी तिथे एकटं जायला बंदी होती. पाण्याच्या जागी बाई असणारच, हे तिला कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

तिथून गॉर्डेल स्कार. कड्यांच्या मध्ये आत गेलो, ओढ्यातून वर चढायची वाट होती ती सोडून परत फिरलो. बाबांनीच ठरवलं. मग कोव्ह. पायथ्यापर्यंत वाट सपाट आहे. वर जायला दगडी पायऱ्या, चारशेच्या आसपास. बाबा हळूहळू चढले. वर गेलं आणि समोर ती उघडी चुनखडी, मोठमोठ्या लाद्या, मधे खोल भेगा, भेगांमध्ये सावलीत वाढलेले नेचे. बाबा बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "आपला कातळ एकसंध असतो गं. इथे जमिनीला सांधे आहेत." उतरताना त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मॉन्सल ट्रेलला बाबा ई-बाइकवर आणि आई साध्या सायकलवर. आईने हट्टच धरला. बापू, बोगद्यात शिरताना आईने घंटी वाजवली आणि पलीकडे निघेपर्यंत वाजवत राहिली.

क्लॅपमला गेलो तो दिवस ढगाळ होता. ट्रो गिलमध्ये बाबा खरंच गप्प झाले, घाटमाथा. गेपिंग गिलच्या काठावर कुंपणाशी उभं राहून त्यांनी फेल बेक आत पडताना पाहिला. मेअखेरची यारी आमच्या येण्याआधी आठच दिवस उतरली होती. नॉर्बरला त्यांनी एका काळ्या धोंड्याला हात लावला, मग खालच्या पांढऱ्या ओट्याला, मग पुन्हा धोंड्याला. कातळवेडी, तुम्ही सांगितलेलं वय मी त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, खालचा दगड झिजून संपला की वरचा कुठे जाईल?

मला उत्तर देता आलं नाही. कुणाला माहीत आहे का?

कातळवेडी

मुक्ता, डोळे भरून आले वाचून. बाबांना सांगा, तिथल्या काही धोंड्यांचे ओटे आधीच इतके झिजलेत की धोंडा घसरून कलंडलाय, पुढच्या वेळी माळावर जरा खालच्या अंगाला हिंडून बघा. कलंडला की तो नव्या जागेवर बसतो आणि तिथली चुनखडी पावसापासून वाचवायला लागतो.

मुक्ता_लीड्स

आत्ता वाचून दाखवलं. बाबा विचारताहेत, ऑस्टविकला राहायची सोय होते का. ५ जुलैचं विमान आहे, मधे एक शनिवार रिकामा आहे.

घाटमाथा

होते. गावात खानावळवजा पब आहे, खोल्या थोड्या असतात, आजच फोन करा. आणि विमानाची तारीख हलत असेल तर ऑगस्टची यारी बाबांनी चुकवू नये.